ठाणे-नवी मुंबईत सीरियल किलरची गोष्ट लिहायचीय? आधी हद्द ठरवा, खुनी नंतर

सीरियल किलरवर कादंबरी नाहीतर वेबसिरीज लिहायची म्हटलं की बहुतेक जण खुन्यापासून सुरुवात करतात. तो कसा हुशार, त्याचं बालपण कसं गेलं, बॉडीजवळ काय खूण ठेवतो वगैरे, आणि तपास करणारा तरुण अधिकारी मग मागून कुठूनतरी येतो, दाढी वाढलेली, बायको सोडून गेलेली, हातात सिगरेट. माझं स्पष्ट मत आहे की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातली गोष्ट अशी सुरू केली तर वीस पानांत खोटी वाटायला लागते. आपल्याकडे खरा सस्पेन्स असा असतो की तीन माणसं एकाच हाताने मेलीत हे कुणाच्या लक्षात तरी येणार का, कारण तीन कागद तीन वेगवेगळ्या पोलीस स्टेशनच्या कपाटात पडलेले असतात आणि तिन्ही एकत्र वाचायचं काम कुणाचंच नसतं. तुमचा तरुण तपासी अंमलदार म्हणजे ते तीन कागद एकत्र वाचणारा पहिला माणूस. एवढं डोक्यात पक्कं ठेवा, बाकी सगळं यातूनच निघतं.

म्हणून पहिलं काम, मोबाईलवर नकाशा उघडा आणि ठाण्याची खाडी बघा. एका बाजूला मुलुंड, भांडुप, विक्रोळी, दुसऱ्या बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, आणि वर कोपरी-कळवा. आता समजा मुलुंड-ऐरोली पुलाच्या आसपास पाण्यात बॉडी दिसली. मुलुंडकडच्या कांदळवनात अडकली तर मुंबई पोलीस, कोपरीच्या बाजूला गाळात लागली तर ठाणे शहर, ऐरोलीकडे आली तर रबाळे म्हणजे नवी मुंबई. तीन आयुक्तालयं, आणि मधे फक्त पाणी. त्यात ट्रान्स हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलच्या रुळांवर कोणी सापडला तर तो लोहमार्ग पोलिसांचा, त्यांचं आयुक्तालय पुन्हा वेगळं. घोडबंदर रोडला गायमुखच्या पुढे गेलात की मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालय लागतं, ते २०२० साली सुरू झालं, त्याआधी काशीमिरा ठाणे ग्रामीणमध्ये होतं. आणि येऊरला जंगलात काही झालं तर राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे वनखातं पण मधे येतं. माझ्या मते एवढी गुंतागुंत असलेला दुसरा पट्टा महाराष्ट्रात सापडणं कठीण आहे आणि थ्रिलर लिहिणाऱ्याला हे आयतं मिळालेलं आहे, तरी लोक कथा नेऊन ठेवतात कुठल्यातरी धुक्यातल्या हिल स्टेशनला.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. कर्नाटकातली सायनाइड मोहनची केस नीट वाचा. पेशाने शिक्षक असलेला हा माणूस लग्नाचं आमिष दाखवून बायकांना वेगवेगळ्या शहरांत न्यायचा, आणि सकाळी बस स्टँडजवळ गर्भनिरोधक म्हणून गोळी द्यायचा, त्यात सायनाइड असायचं. बाई स्टँडच्या टॉयलेटमध्ये मरून पडलेली सापडायची, म्हैसूरला एक, मडिकेरीला एक, हासनला एक, प्रत्येक ठिकाणी अनोळखी बाईचा अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद, आणि तिच्या गावी मिसिंगची वेगळी नोंद. हे वर्षानुवर्षं चाललं. २००९ मध्ये एका बेपत्ता मुलीचे कॉल रेकॉर्ड तपासताना धागा लागला आणि मग सगळं उलगडलं. तो काही फार मोठा बुद्धिमान होता म्हणून सुटत नव्हता, दोन कागद दोन ठिकाणी होते म्हणून सुटत होता.

हद्द झाली की वर्ष ठरवा, आणि हे अजिबात हलक्यात घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भादंवि, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्ट गेले, त्यांच्या जागी अनुक्रमे बीएनएस (गुन्हे आणि शिक्षा), बीएनएसएस (तपास आणि खटल्याची पद्धत) आणि बीएसए (पुरावा) आले. म्हणजे तुमच्या खुन्याने पहिला खून मे २०२४ मध्ये केला असेल तर त्याला भादंविचं कलम ३०२, आणि ऑगस्टमध्ये केला असेल तर बीएनएस १०३. एकच आरोपी, दोन कायदे, आणि पोलीस स्टेशनमध्ये सगळ्यांच्या तोंडात अजून जुनीच कलमं बसलेली, हा काळ मला तर लिहायला फार भारी वाटतो. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, त्यामुळे २०२२ च्या गोष्टीत साक्षीदार तिथे उतरला तर ठाणेकर वाचक तिथेच पुस्तक मिटणार. ऐरोली, वाशी, आनंदनगर टोलनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही, म्हणजे त्याआधीच्या गोष्टीत खुन्याच्या गाडीचा टोलवर माग काढता येईल, नंतरच्या गोष्टीत तो मार्ग बंद, तिथे मग कॅमेऱ्यावरच भिस्त.

तपास करणारा कोण

तरुण पाहिजे ना, मग पीएसआय म्हणजे उपनिरीक्षक घ्या. एमपीएससीतून आलेली, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत ट्रेनिंग झालेली, पहिली नाहीतर दुसरी पोस्टिंग. मी इथे मुलगी धरून लिहितेय, तुम्हाला मुलगा घ्यायचा तर घ्या. एकदम एसीपी किंवा आयपीएस करू नका, कारण त्या लेव्हलचा माणूस स्वतः घटनास्थळी वाकून खिसे तपासत नाही, त्याच्यासमोर फाइल येते. आणि खुनाचा तपास सहसा पीआय (निरीक्षक) नाहीतर एपीआयकडे (सहायक निरीक्षक) असतो, नवीन पीएसआयला तो कोण देणार? तिच्या वाट्याला काय येतं तर एडीआर, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या नोंदी. रुळावर कोण सापडलं, खाडीत कोण सापडलं, पुलाखाली झोपलेला माणूस सकाळी उठलाच नाही. सगळ्या स्टेशनमध्ये हे कंटाळवाणं काम समजतात आणि म्हणूनच ते सगळ्यात नवीन माणसाकडे येतं. तुमच्या अख्ख्या कादंबरीची चावी इथे आहे! जिला कुणी खुनाच्या तपासाला हात लावू देणार नाही तिच्याच टेबलावर खून येऊन पडतायत, फक्त वरती खून असं लिहिलेलं नाही.

तिच्या घरचं पण थोडं दाखवा पण उगाच ट्रॅजेडी घुसवू नका. कळव्याला नाहीतर कोपरखैरण्याला आईवडिलांसोबत राहते, चार वर्षं अभ्यासिकेत बसून परीक्षा काढलीय, आई रोज विचारते रात्रपाळी कधी संपणार, हे पुरेसं आहे. मोठा भूतकाळ नको. तिला ही केस सोडून का देता येत नाही याचं कारण तिच्या लहानपणात शोधू नका, तिने स्वतःच्या हाताने मयताचं वर्णन लिहिलंय आणि नातेवाईक म्हणून सही करायला कुणीच आलं नाही, याहून मोठं कारण काय पाहिजे?

तिच्यासोबत एक जुना हवालदार द्या, तीस वर्षं नोकरी झालेला. तो तिला मॅडम म्हणेल, ती त्याला काका म्हणेल, आणि हे दोघं एकमेकांना काय शिकवतात यावर तुमचे निम्मे चांगले सीन उभे राहतील. तो कॉम्प्युटरला हात लावत नसेल पण कुठल्या नाक्यावर पहाटे चारला कोण जागं असतं ते त्याला तोंडपाठ. त्याला विनोदी पात्र करू नका प्लीज, आपल्याकडे हवालदार म्हटला की पोट सुटलेला आणि चहा पिणारा, किती वर्षं तेच दाखवणार.

बोलणं कसं असेल त्याचा एक तुकडा देते.

"मॅडम, एक बोलू का? बॉडी आपल्याकडे लागलीय, पण पडलीय दुसरीकडे."
"कशावरून काका?"
"परवा अमावस्या होती. उधाणाचं पाणी लांबून घेऊन येतं. कोळीवाड्यात चला, ते सांगतील कुठून आली असणार."

बघा, इथे कुणी फॉरेन्सिकचं भाषण दिलेलं नाही तरी वाचकाला कळलं की शोध आता हद्दीबाहेर जाणार. खाडीचं गणित स्वतः नीट समजून घ्या. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाण्याला जोर कमी. सलग आठ दिवस रात्री बारालाच भरती दाखवलीत तर दिवा कोळीवाड्यातलं शाळेतलं पोर पण चूक काढेल. पंचांग घ्या, तुमच्या कथेतल्या प्रत्येक मृत्यूची तिथी लिहा आणि मग पाणी कुठे होतं ते ठरवा. कदाचित तुमचा खुनी पण हेच करत असेल, तो उधाणाची रात्र निवडतो, आणि तिन्ही एडीआरच्या तारखा तिथीला लावून बघितल्यावरच हे दिसतं, नुसत्या इंग्रजी तारखा बघून कधीच दिसणार नाही.

पंचनामा पूर्ण लिहा, खरंच पूर्ण

हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. कादंबरी लिहायच्या आधी प्रत्येक मयताचा मरणोत्तर पंचनामा तुम्ही स्वतः लिहून काढा, दोन पंचांसमोर लिहितात तसा. तारीख, वेळ सुरू आणि वेळ बंद, जागा, जागेच्या चतुःसीमा, मयताचं अंदाजे वय, उंची, बांधा, रंग, केस, अंगावरचे कपडे, शर्टाच्या कॉलरवरचं टेलरचं लेबल, गोंदण, जुने व्रण, खिशात काय मिळालं. कोरडी भाषा, विशेषणं नाहीत. यातली बरीचशी पानं कादंबरीत येणार पण नाहीत, पण तुमचा पुरावा इथेच जन्माला येतो.

उदाहरण म्हणून एक सुचवते, वापरायचं तर वापरा. कोपरीच्या गाळात एक माणूस, ऐरोलीच्या खाडीत दुसरा, तुर्भ्याजवळ रुळांच्या कडेला तिसरा. तिघांच्या खिशातल्या वस्तूंच्या यादीत, पैसे आणि गुटख्याच्या पुडीच्या खाली, शेवटच्या ओळीत, "सुतळीचा तुकडा, अंदाजे एक वीत." तिन्ही यादीत. सुतळी काय, कुणाच्याही खिशात असते, तुर्भ्याला एपीएमसीच्या घाऊक बाजारात काम करणाऱ्याच्या तर असतेच, म्हणून तिघा वेगळ्या अधिकाऱ्यांनी ते लिहिलं आणि विसरून गेले. तुमच्या पीएसआयने मात्र मुद्देमाल उघडून बघितला तर तिन्ही तुकड्यांना सारखीच गाठ आहे, मग माथाडी कामगारांकडे जाऊन ती विचारते की पोत्याचं तोंड दाभणाने शिवल्यावर शेवटची गाठ अशी मारतात का. ते म्हणतात नाही, अशी आमच्यात कोणी मारत नाही. आता ही गाठ कोण मारतं हे शोधायला दोनशे पानं आहेत तुमच्याकडे. प्रेताच्या छातीवर कोरलेल्या चिन्हापेक्षा हे मला हजार पटीने जास्त भीतीदायक वाटतं, कारण ते सगळ्यांसमोर होतं.

पोस्टमॉर्टेमबद्दल थोडं. टीव्हीवर डॉक्टर येऊन सांगतो, मृत्यू रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी, असं काही नसतं. वेळेचा पट्टा देतात, आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात दोन-तीन दिवस पाण्यात राहिलेल्या बॉडीचा पट्टा तर फारच रुंद होतो. गळा दाबल्याची खूण कातडीवर असेल तर कुजल्यावर ती दिसेनाशी होऊ शकते, मग गळ्यातलं हायॉइड हाड मोडलंय का ते बघतात, पण तरुण माणसात ते हाड लवचिक असतं, दाबून मारलं तरी मोडेलच असं नाही. बुडून मेला की मारून टाकला यासाठी हाडाच्या मगजात डायटम म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव सापडतात का ते तपासतात. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव मिठाच्या पाण्यात सील होऊन लॅबला जातात, मुंबई-ठाण्याकडचं म्हटलं की कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला, आणि डॉक्टर कागदावर लिहितात की मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलंय. ते मत यायला कित्येकदा महिने जातात. आता विचार करा, तुमच्या पीएसआयकडे तीन बॉडी, तीन राखून ठेवलेली मतं, म्हणजे अजून अधिकृतपणे एकही खून झालेलाच नाही, आणि तिला साहेबांना जाऊन सांगायचंय की सर, सीरियल किलर आहे.

तो सीन असा होईल.

"जय हिंद सर."
"बोला."
"सर, कोपरीची एक एडीआर, वाशी रेल्वेची एक आणि आपली एक, तिन्हीत..."
"आपली नोंद कितवी ती सांगा. बाकीच्या दोन आपल्या हद्दीत आहेत का?"
"नाही सर."
"तुमच्याकडे पेंडिंग किती?"
"अकरा, सर."
"त्या निकाली काढा आधी. परवापासून नवरात्र बंदोबस्त लागतोय."

इथे साहेबांना खलनायक करायचं नाही, हे लक्षात ठेवा. त्याला खरंच बंदोबस्त लावायचाय, माणसं कमी आहेत, आणि पुरावा म्हणून समोर आलाय सुतळीचा तुकडा. तो चुकतोय पण त्याच्या जागी आपण असतो तर आपण पण तेच बोललो असतो, असं वाचकाला वाटलं पाहिजे. आणि बंदोबस्त हे फार चांगलं हत्यार आहे लेखकाच्या हातात, गणपती, दहीहंडी, टेंभी नाक्याची नवरात्र, निवडणूक, कुणाची तरी सभा, ऐन मोक्याला तुमची नायिका बारा तास बॅरिकेडपाशी उभी, आणि फोनवर हवालदार सांगतोय की चौथा सापडलाय.

टेक्नॉलॉजी दाखवा पण तिला जादू करू नका. सीडीआर म्हणजे एखाद्या नंबरचं कॉल रेकॉर्ड पीएसआयने मागितला आणि पाच मिनिटांत आला असं होत नाही, त्याला डीसीपी किंवा एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, तिथून मोबाईल कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे जातं. टॉवर डंप मागवला तर त्या वेळात त्या टॉवरखाली असलेले सगळे नंबर येतात, ठाणे स्टेशनजवळचा संध्याकाळी सातचा डंप मागवलात तर हजारो नंबरांची एक्सेल शीट, ती चाळणार कोण? सोसायटीच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डर बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिन्याभरात स्वतःवरच ओव्हरराईट होतो, त्यामुळे साहेबांनी परवानगी द्यायला लावलेला उशीर म्हणजे पुरावा पुसला जाणं, हे वाचकाला दिवस मोजून जाणवू द्या. आणि फुटेज मिळालं तरी कोर्टात चालायला बीएसएच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं, जुन्या कायद्यात त्याला पासष्ट-ब म्हणायचे, ते नाही घेतलं तर सगळी मेहनत पाण्यात. साक्षीदार पण आपल्या इथले शोधा, हिवाळ्यात पहाटे फ्लेमिंगोचे फोटो काढायला खाडीवर लोक येतात, एखाद्याच्या फोटोत मागे एक होडी आली आणि फोटोवर वेळ पण आहे, असलं काहीतरी.

मेलेली माणसं

सीरियल किलर ज्यांना गाठतो ती बहुतेकदा अशी माणसं असतात की ती दिसेनाशी झाली तर लगेच कुणी विचारणार नाही. आपल्याकडे म्हणजे नाक्यावर सकाळी कामासाठी उभे राहणारे मजूर, एकटा राहणारा वॉचमन, रात्री उशिरा शेअर रिक्षाने जाणारी कामवाली बाई. १९६८ साली मुंबईत रामन राघवने मारलेले लोक बघा, फुटपाथवर आणि झोपड्यात झोपलेली माणसं. त्याच्याबद्दल आजही लोक किती काय सांगतात, त्या मेलेल्यांपैकी एकाचं तरी नाव कुणाला माहितीय का? मला याचा खरंच त्रास होतो. म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक मयताला एक प्रकरण द्या, जिवंत असतानाचं. तो ऐरोलीच्या नाक्यावर उभा राहायचा, गावी बहिणीचं लग्न होतं, मोबाईलचं कर्ज फेडत होता, रविवारी तलावपाळीला जाऊन नुसता बसायचा. वाचकाला तो आवडला पाहिजे. मग तो एडीआर नंबर होतो तेव्हा पोटात गोळा येतो. आणि बाईची बॉडी असेल तर तिचं वर्णन करताना पंचनाम्याची कोरडी भाषाच वापरा, तिच्या शरीरावर रेंगाळू नका.

आता खुनी. एवढ्या उशिरा आणला कारण तो कथेत पण एवढाच पाहिजे असं मला वाटतं. रामन राघव पोलिसांच्या रेकॉर्डवर आधीपासून होता, आधी त्याला पकडून सोडलेलं होतं, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये सबइन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांनी त्याला डोंगरीत ओळखलं, तेव्हा क्राईम ब्रँचची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. म्हणजे जुना कागद आणि रस्त्यावर डोळे उघडे ठेवून चालणारा एक खालच्या हुद्द्याचा अधिकारी. पुण्यातले जोशी-अभ्यंकर खून, जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा माणसं गेली, आणि मारणारी मुलं होती आर्ट कॉलेजची. कुणी राक्षसासारखं दिसत नव्हतं. तुमच्या खुन्याला नोकरी द्या, अशी नोकरी की ज्यामुळे त्याला तिन्ही हद्दीत फिरायला कारण आहे आणि रात्री दिसला तरी कुणी वळून बघत नाही. ट्रान्स हार्बरची लाईन बघा, एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे चिंचोळी पट्टी, ठाण्याहून वाशी अर्ध्या तासात. व्हँकुव्हरचा पोलीस अधिकारी किम रॉस्मो याने गुन्ह्यांच्या जागांवरून गुन्हेगाराचं ठिकाण काढायची पद्धत मांडली, त्यात एक साधी गोष्ट आहे की माणूस आपल्या ओळखीच्या भागात गुन्हा करतो पण अगदी दारात करत नाही. तुमच्या पीएसआयने तीन ठिपके लावले आणि मधे जे स्टेशन एकदाही आलं नाही तिथे तिला संशय आला, हे करून बघा.

फक्त एक करू नका, खुन्याला तिच्या घरी फोन करायला लावू नका, तिच्या आईला किडनॅप करायला लावू नका. तो तिला ओळखत पण नाही, शेवटच्या पन्नास पानांपर्यंत त्याला माहीतच नाही की कुणी शोधतंय. ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसून घणसोलीपर्यंत जाते आणि दोघांनाही पत्ता नाही.

पकडल्यावर गोष्ट संपत नाही

इथे बहुतेक थ्रिलर घाईत गुंडाळतात. खुनी पकडला, त्याने खोलीत बसून सगळं कबूल केलं, संपलं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आधी पण चालत नव्हता, बीएसएच्या कलम २३ खाली आता पण नाही. चालतं काय, तर त्याने सांगितल्यामुळे जी वस्तू सापडली तेवढं, म्हणून निवेदन पंचनामा, मग दोन पंचांना घेऊन जीपमधून तो दाखवेल तिथे जायचं. सुतळीचं बंडल कुठल्या खोलीत, कुठल्या पत्र्याच्या पेटीत, हा तुमचा खरा क्लायमॅक्स होऊ शकतो, गोळीबारापेक्षा चांगला. नवीन कायद्यात झडतीचं व्हिडिओ शूटिंग पण करायचं असतं, मोबाईलची बॅटरी किती आहे यावर टेन्शन उभं करता येतं बघा. ओळख परेड पोलीस घेत नाहीत, दंडाधिकारी म्हणजे बऱ्याचदा नायब तहसीलदार घेतो. नार्को टेस्ट आरोपीच्या संमतीशिवाय करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय.

आणि घड्याळ चालू असतं. अटक केल्यापासून चोवीस तासांत कोर्टात हजर करायचं, पोलीस कोठडी सगळी मिळून पंधरा दिवस, आणि खुनात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क. कलिन्याचा रिपोर्ट अजून आलेला नाही, आज सत्याऐंशीवा दिवस आहे. दक्षिण मुंबईत २००६-०७ मध्ये जे खून झाले आणि ज्याला पेपरवाल्यांनी बीअर मॅन नाव दिलं, त्यात ज्याला खालच्या कोर्टात शिक्षा झाली त्याला २००९ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं. म्हणजे सगळ्या शहराने खुनी म्हणून ज्याचा फोटो बघितला तो पुराव्यावर टिकला नाही. तुमच्या पीएसआयला साक्षीच्या पिंजऱ्यात उभी करा, आरोपीच्या वकिलाला तिला विचारू द्या की मॅडम, सुतळी तर माझ्या पण घरी आहे, आणि तिला उत्तर देता आलं पाहिजे. ते उत्तर तुम्हाला पहिल्या पानाआधी माहीत पाहिजे.

माहिती कुठून काढायची तर सगळं उघड पडलंय. खुनाच्या अपिलांचे निकाल हायकोर्टाच्या साइटवर फुकट वाचता येतात, सत्र न्यायालयांचे ई-कोर्टवर, एक निकाल म्हणजे पंच, डॉक्टर, पुरावा, उलटतपासणी सगळं एकत्र. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर संवेदनशील सोडून बाकी एफआयआर दिसतात, त्यांची भाषा कानात बसवा, पण त्यातलं एकही खरं नाव, खरा पत्ता कथेत आणू नका, ती कुणाची तरी माणसं आहेत. कोर्टाचं कामकाज सहसा उघडं असतं, ठाण्याच्या सत्र न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर शांत बसा, फोन बंद ठेवून. आणि ओळखीत कुणी निवृत्त हवालदार असेल तर कच्चा मसुदा त्यांना द्या, आवडला का विचारू नका, फक्त एवढं विचारा की काका, यातलं कुठलं पान वाचताना तुम्हाला वाटलं की असं आम्ही कधीच करत नाही. जिथे ते बोट ठेवतील तिथून पुढचं सगळं परत लिहा.

आता पंचांग उघडा, एक अमावस्या निवडा, खाडीची एक जागा निवडा आणि पहिल्या मयताचा पंचनामा लिहायला घ्या, वेळ सुरू सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे, खिशातल्या वस्तूंच्या शेवटच्या ओळीपर्यंत.